महापालिकेचं अंदाजपत्रक: वॉर्डातल्या सेवांचा पैसा नेमका कुठे अडतो?

गोदातीर:

नमस्कार मंडळी. अंदाजपत्रकाचे दिवस आलेत, म्हणून हा धागा काढतेय. थोडा लांबणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

मार्च 2022 मध्ये आपल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं नाशिक महापालिकेवर प्रशासक होते. अंदाजपत्रक आयुक्तांनी तयार करायचं, आणि स्थायी समिती व महासभा या दोन्हींचे अधिकार प्रशासक म्हणून त्यांच्याकडेच असल्याने मंजुरीही त्यांनीच द्यायची, असं चाललं. त्यात कुणी काही वावगं केलं असा माझा आरोप नाही. पण भर सभेत उभं राहून "आमच्या प्रभागातल्या दवाखान्यात डॉक्टर का नाहीत" असं विचारणारंही कुणी नव्हतं. जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली. 31 प्रभाग, 122 नगरसेवक. 29 प्रभागांत चार-चार आणि दोन प्रभागांत तीन-तीन. म्हणजे तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर निदान तीन-चार माणसं अशी आहेत की ज्यांना तुम्ही थेट विचारू शकता.

पण विचारायचं काय? बातम्यांमध्ये फक्त एकूण आकडा येतो. 2025-26 चं अंदाजपत्रक तीन हजार कोटींच्या पुढे गेलं, तेव्हा जो तो तेवढंच बोलत होता. त्या आकड्यावरून माझ्या गल्लीतली अभ्यासिका उघडी राहणार की नाही हे कळत नाही.

मी हिशेबाच्या कामात आहे. महापालिकेशी संबंध नाही, पण पुस्तक वाचता येतं. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे जमाखर्चाच्या ठरवून दिलेल्या बाबीपुढे, चार रकाने असतात: गेल्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. बहुतेक लोक शेवटचा रकाना बघतात. तुम्ही दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवून वाचा. समजा उद्यान देखभालीला मूळ तरतूद 50 लाख होती आणि सुधारित अंदाजात ती 20 लाखांवर आली, तर वर्षाच्या मध्यात 30 लाख तिथून उचलले गेले. कुठे गेले हा पहिला प्रश्न. पुढच्या वर्षी परत 50 लाख दाखवलेत म्हणून खूश व्हायचं कारण नाही, कारण मागच्या वर्षीही तेच दाखवले होते.

दुसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 मध्ये कलम 63 आहे, त्यात बंधनकारक कामं: पाणी, मलनिस्सारण, दिवाबत्ती, सफाई, दवाखाने, प्राथमिक शाळा, स्मशानभूमी. आणि कलम 66 मध्ये ऐच्छिक कामं: वाचनालयं, बागा, व्यायामशाळा, तरण तलाव, बससेवा. तुम्ही-आम्ही रोज वापरतो त्यातल्या निम्म्या गोष्टी ऐच्छिकात मोडतात. पैसा कमी पडला की पहिली कात्री तिथेच लागते, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात कुणाचं काही चुकलेलं नसतं. म्हणून या सेवा टिकवायच्या तर लोकांनी त्या मागितल्या पाहिजेत. मागणी कागदावर दिसली नाही तर त्या टिकत नाहीत.

इथे प्रत्येकाने आपल्या भागातली एक सेवा सांगा, जी कागदावर आहे पण प्रत्यक्षात अर्धवट चालते. रस्त्यावरचे खड्डे नकोत, त्यावर वेगळे धागे भरपूर आहेत.

सातपूरकर:

चांगला विषय काढलात ताई. मी सांगतो.

सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते. आमच्या वस्तीजवळ एक आरोग्य केंद्र आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या सिस्टर मनापासून काम करतात. ओपीडी सकाळची. पाळीवरून माणूस सुटेपर्यंत केसपेपरची खिडकी बंद. म्हणजे ताप आला तर एक खाडा करायचा किंवा खासगी डॉक्टरला पैसे मोजायचे. कंत्राटी कामगाराला खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. मग तो मेडिकलवाल्याला विचारून गोळी घेतो.

संध्याकाळी सहा ते नऊ ओपीडी ठेवा, एवढीच मागणी आहे. इमारत आहे, खुर्च्या आहेत, औषधांचं कपाट आहे. लागतो तो एका डॉक्टरचा आणि एका नर्सचा जास्तीच्या वेळेचा पगार. आमच्याकडे नवीन इमारतीची मागणी केली की नारळ फुटतो, पण असलेली इमारत तीन तास जास्त उघडी ठेवा म्हटलं की "पद मंजूर नाही" असं उत्तर मिळतं.

जमाखर्च:

मी दुसऱ्या एका महापालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालोय. सध्या मुक्काम इंदिरानगर. गोदातीर यांनी जे लिहिलंय त्यात थोडी भर घालतो, कारण "तरतूद आहे" हे वाक्य ऐकून लोक सभेतून समाधानाने घरी जातात आणि मग वर्षभर वाट बघतात.

चेकबुकात पानं शिल्लक आहेत म्हणून खात्यात पैसे असतात असं नाही. तरतूद हे चेकबुकाचं पान आहे. काम व्हायला आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग देयक. मार्च संपला आणि देयक निघालं नाही, की ते काम पुढच्या वर्षावर दायित्व म्हणून चढतं. नव्या वर्षाची तरतूद उघडायच्या आधीच त्यातला मोठा तुकडा जुन्या कामांच्या बिलांनी खाल्लेला असतो. म्हणून तुमच्या नगरसेवकाला "तरतूद किती" याबरोबर "त्या लेखाशीर्षावर दायित्व किती" हेही विचारा. हे दोन आकडे शेजारी आले की खरं चित्र दिसतं.

आता जमा बाजू. नाशिकच्या महसुलात सगळ्यात मोठा वाटा जीएसटीच्या नुकसानभरपाईचा आहे. जकात गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला, आणि जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यावर राज्याने कायदा करून महापालिकांना भरपाई द्यायला सुरुवात केली. 2016-17 पायाभूत वर्ष धरून दरवर्षी 8 टक्के वाढ. त्याखालोखाल घरपट्टी, नगररचना विभागाचे विकास शुल्क वगैरे, आणि पाणीपट्टी. यातला नगररचनेचा आकडा बांधकामं किती होतात यावर नाचतो. तो अंदाजात फुगवून धरला की खर्च बाजूही फुगते, आणि डिसेंबरमध्ये सुधारित अंदाज करताना कात्री चालते. कुठे चालते? पगाराला हात लावता येत नाही. निवृत्तिवेतनाला नाही. गंगापूर धरणातून आणि मुकणेतून पाणी उचलायच्या पंपांच्या वीजबिलाला नाही. घंटागाडीच्या ठेक्याला नाही. उरतं काय, तर देखभाल दुरुस्ती आणि ऐच्छिक सेवा.

देखभालीला कात्री लावणं हे मला नोकरीतही सगळ्यात जास्त खुपायचं. 21 एप्रिल 2021 ला महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि त्या दिवशी 22 रुग्ण गेले. त्या घटनेची कारणं इथे उगाळायची नाहीत. पण यंत्राची नियमित तपासणी, सुटे भाग, ते चालवणारा प्रशिक्षित माणूस या ओळी अंदाजपत्रकात सगळ्यात लहान अक्षरात असतात आणि सगळ्यात आधी खोडल्या जातात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

भरतीची_तयारी:

मी सिडकोत राहतो. अभ्यासिकेचं सांगतो.

आमच्याकडे एक अभ्यासिका आहे. सकाळी सातला दार उघडतं, पण साडेसहापासून बाहेर चपलांची रांग असते. जागा धरायला माणूस नसेल तर चप्पल चालते, असा आमचा आपसातला नियम. आत लांब टेबलं, प्रत्येक टेबलाला मध्ये प्लायची फळी लावून दोन्ही बाजूंना बसायची सोय. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, सीए, सगळे एकत्र. घरी दोन खोल्यांत पाच माणसं, टीव्ही चालू. तिथे अभ्यास होत नाही. खासगी अभ्यासिकेला महिन्याला हजार-बाराशे रुपये लागतात, ते सगळ्यांना झेपत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात सहापैकी चार पंखे बंद होते. आम्ही मुलांनी वर्गणी काढून दोन दुरुस्त केले. अर्ज दिला तेव्हा समजलं की अभ्यासिका बांधायला निधी असतो, रंगरंगोटीला असतो, पण पंखा दुरुस्तीसाठी कुठल्या शीर्षाखाली खर्च टाकायचा यावरच कागद दोन टेबलांवर फिरत राहिला. मुलींसाठी रात्रीची वेळ नाही, कारण रखवालदार एकच आणि तो आठला जातो. एक रखवालदार दिला तर किती मुलींचा अभ्यास होईल याचा विचार व्हायला हवा.

मेनरोडवाला:

सगळं पटतंय, पण पैसा येणार कुठून हेही बोला. मी व्यापारी आहे. सेवा वाढवा म्हटलं की पुढच्या वर्षी घरपट्टी वाढवा हे आलंच. 2018 आठवतंय ना? तुकाराम मुंढे आयुक्त असताना करयोग्य मूल्याचे (ज्यावरून घरपट्टी ठरते त्याचे) दर वाढवले, मोकळ्या भूखंडांवरही लावले. शेतकरी आणि शहरवाले दोघंही रस्त्यावर आले होते. आम्ही एप्रिलमध्ये सवलत असते तेव्हाच पूर्ण भरतो. जे वर्षानुवर्षं थकवतात त्यांच्याकडून वसूल करा, मग बाकीच्यांना विचारा.

पाथर्डीफाटा:

मेनरोडवाला, थकबाकीबद्दल शंभर टक्के सहमत. पण 2018 चा दुसरा भागही सांगा. वाढीव दर नव्या मिळकतींना लागले. त्यामुळे आमच्यासारखे नंतर फ्लॅट घेतलेले लोक त्याच चौरस फुटाला जुन्या बंगल्यांपेक्षा जास्त घरपट्टी भरतात. आणि सेवा बघा. नव्या वसाहतीत ड्रेनेजची मुख्य लाइन उशिरा येते, बस आत येत नाही, बागेसाठी राखीव ठेवलेल्या जागेवर गाजरगवत. उन्हाळ्यात टँकर. जास्त भरणाऱ्याला कमी मिळतं, ही तक्रार कुणाच्या भाषणात ऐकली नाही.

मेनरोडवाला:

@पाथर्डीफाटा, तुमचा मुद्दा रास्त आहे. पण त्यावर उपाय म्हणून जुन्यांचे दर वाढवा असं म्हणणार असाल तर माझा विरोध राहील. रविवार कारंजा, भद्रकाली भागातल्या वाड्यांमध्ये राहणारे सगळे श्रीमंत नाहीत. अर्ध्या वाड्यांच्या भिंती पावसाळ्यात टेकू लावून उभ्या असतात.

पाथर्डीफाटा:

वाडे सोडून बोला. कॉलेजरोड-गंगापूररोडच्या जुन्या बंगल्यांचं काय?

गोदातीर:

इथे दोघांचंही बरोबर असू शकतं. घरपट्टीच्या दरांवर वेगळा धागा काढूया, तो विषय खूप मोठा आहे. पण एक सांगते. वसुलीचा आकडा आणि मागणीचा आकडा दोन्ही अंदाजपत्रकात असतात. जुनी थकबाकी किती आणि त्यातली वसुली किती, हे महासभेत विचारलं गेलं पाहिजे. जी मिळकत नोंदलेलीच नाही तिच्यावर कर कसा लागणार, हाही प्रश्न आहे. दर न वाढवता पैसा वाढायची जागा तिथे आहे.

नाशिकरोडची:

सिटीलिंकबद्दल, म्हणजे आपल्या शहर बसबद्दल, कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझी मुलगी नाशिकरोडहून कॉलेजरोडला जाते. पूर्वी शहर बस एसटी चालवायची, ती हळूहळू आटत गेली. जुलै 2021 मध्ये महापालिकेने स्वतःची बससेवा सुरू केली, आणि मुलींच्या शिक्षणाला तिचा फार मोठा आधार झाला. रिक्षाने रोज दोन्ही वेळ परवडत नाही.

पण मध्ये मध्ये चालक-वाहकांचे संप झाले, ठेकेदाराने पगार थकवले म्हणून. एक दिवस बस नाही, दुसऱ्या दिवशी नाही, परीक्षेच्या काळातसुद्धा. हा पैसा महापालिका देते ना ठेकेदाराला? मग पगार का थकतो?

जमाखर्च:

@नाशिकरोडची, व्यवस्था अशी आहे की बस ठेकेदाराच्या, चालवण्याची जबाबदारी त्यांची, आणि महापालिकेचं परिवहन महामंडळ त्यांना धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे देतं. तिकिटाचा गल्ला महामंडळाकडे येतो. किलोमीटरमागे द्यायचे पैसे गल्ल्यापेक्षा जास्त असतात, आणि तो फरक महापालिका आपल्या अंदाजपत्रकातून भरते. दंड, कपात, देयकाला उशीर, ठेकेदाराची स्वतःची ओढाताण, यातलं काहीही बिघडलं की पहिला फटका वाहकाच्या पगाराला बसतो. करारात पगार वेळेवर दिल्याचा पुरावा जोडल्याशिवाय पुढचं देयक नाही, अशी अट आणि तिची कडक अंमलबजावणी, हा त्यावरचा उपाय.

मेनरोडवाला:

म्हणजे बस तोट्यात आहे. दरवर्षी कोट्यवधी रुपये त्यात जातात. रिकाम्या बस फिरताना मी रोज पाहतो.

नाशिकरोडची:

दादा, दुपारी तीनची बस रिकामी दिसेल. सकाळी साडेसातची बघायला या, द्वारका चौकात दारात लोंबकळणारी मुलं दिसतील. रस्त्याला तोटा म्हणतं का कुणी? दिव्यांना म्हणतं का? बसने जाणारी माणसं गरीब, बायका आणि विद्यार्थी, म्हणून तिचाच हिशेब लावला जातो याचं मला वाईट वाटतं. मार्ग नीट आखा, दुपारी फेऱ्या कमी करून सकाळ-संध्याकाळ वाढवा, हे म्हणणं मला मान्य आहे. बंद करा म्हणू नका.

सातपूरकर:

+1. पाळी सुटायच्या वेळेला एमआयडीसीतून थेट सिडको, नाशिकरोडकडे फेऱ्या हव्यात. आम्ही पण तिकीट काढू.

आरोग्यसेविका_नाशिक:

मी शहरी आरोग्याच्या कामात आहे, कंत्राटी. जास्त ओळख देत नाही.

सातपूरकर दादांनी संध्याकाळच्या ओपीडीचं लिहिलं. त्यात एक मोठी गोष्ट आहे जी कुणाच्या लक्षात येत नाहीये. गेल्या काही वर्षांत शहरात जी आरोग्यवर्धिनी केंद्रं आणि लहान दवाखाने सुरू झाले, त्यांना केंद्राच्या 15 व्या वित्त आयोगाच्या आरोग्य अनुदानाचा मोठा आधार आहे. त्या आयोगाचा काळ 31 मार्च 2026 पर्यंतचाच. केंद्रं वस्तीत आहेत, लोकांना सवय झाली आहे, रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या दर महिन्याला तिथूनच जातात. त्या केंद्रांचं भाडं, डॉक्टर-नर्सचं मानधन, औषधं हे पुढच्या वर्षी कुठल्या शीर्षातून होणार हे अंदाजपत्रकात स्पष्ट दिसायला हवं. नसेल तर आत्ताच विचारायला हवं. जूनमध्ये गोळ्या संपल्यावर विचारून उपयोग नाही.

एक पेशंट सांगते. साठीच्या आजी, धुणीभांडी करतात. साखरेच्या गोळ्या मोफत मिळायला लागल्यापासून नियमित येतात. मध्ये पुरवठा आला नाही, तेव्हा त्यांनी बाहेरून घ्यायला सांगूनही घेतल्या नाहीत. "पुढच्या महिन्यात येतील ना ग तुमच्याकडे," म्हणाल्या आणि महिनाभर गोळीशिवाय राहिल्या. नंतर पायाची जखम घेऊन आल्या. इथे नुसती औषधाची ओळ कमी होत नाही, माणसाचा पाय जायची वेळ येते.

जमाखर्च:

आरोग्यसेविका ताई, फार मोलाची माहिती दिलीत. अनुदानावर चालणारी सेवा आणि महापालिकेच्या स्वतःच्या पैशावर चालणारी सेवा, असे दोन वेगळे रकाने करून प्रभागाची यादी केली पाहिजे. अनुदानवाली सेवा कधी थांबू शकते ते आधीच कळेल.

तपोवनाजवळ:

कुंभमेळ्याचं काय? सिंहस्थ 2027 च्या नावावर रस्ते, पूल, घाट, साधुग्राम, सगळीकडे कामं. त्यासाठी वेगळं प्राधिकरण झालंय, राज्य आणि केंद्राचा पैसा येतोय. मला कुंभाचा अभिमान आहे, रामकुंडावर माझ्या आजोबांपासून घरची सेवा आहे. म्हणूनच बोलतो.

बांधायला पैसा बाहेरून येतो, पण पर्वणी संपली की सांभाळायचं नाशिककरांच्या घरपट्टीतून. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर इथे मलनिस्सारण केंद्रं आहेत. त्यांना दिवसरात्र वीज लागते, माणसं लागतात, रसायनं लागतात. केंद्र बांधलं म्हणून गोदा स्वच्छ होत नाही, ते रोज पूर्ण क्षमतेने चाललं तर होते. दर उन्हाळ्यात नदीवर पानवेली का माजतात याचा विचार करा. नवीन केंद्रांच्या उद्घाटनाच्या वेळी पुढच्या दहा वर्षांचा चालवण्याचा खर्चही जाहीर करा, अशी मागणी मी आमच्या नगरसेवकांकडे करणार आहे.

आणि 2025 च्या नोव्हेंबरात तपोवनातली झाडं तोडू नयेत म्हणून लोक उभे राहिले, तेव्हा दिसलं की नाशिककर गप्प बसत नाहीत. तेवढीच माणसं अंदाजपत्रकाच्या सभेच्या दिवशी महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, आली पाहिजेत. झाडांवर नोटीस लागल्यावर धावण्यापेक्षा ते बरं.

एक_पालक:

माझा मुलगा दिव्यांग आहे, वय 14. महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. पूर्वी 3 टक्के होता, आता 5 टक्के. हे फार कमी पालकांना माहीत आहे. पैसा राखलेला असतो, पण खर्च होत नाही, आणि खर्च झाला तरी एकदाच साहित्य वाटप करून संपतो. माझ्या मुलाला चाकाची खुर्ची मिळाली. पण बागेच्या दाराला तीन पायऱ्या आणि आडवा लोखंडी पाइप. खुर्ची आत जात नाही. पाइप गाई आणि दुचाकी आत येऊ नयेत म्हणून लावलाय, कारण समजतं. बाजूला रॅम्प आणि फाटक करायला असा काय खर्च आहे? संध्याकाळी मुलं आत क्रिकेट खेळतात आणि आम्ही बाहेर फुटपाथवर उभे राहून बघतो.

भरतीची_तयारी:

@एक_पालक, बाग कुठल्या विभागात आहे? नवीन नाशिक (आमचा सिडकोचा विभाग) असेल तर आम्ही अभ्यासिकेतली मुलं अर्जावर सह्या करायला येतो.

एक_पालक:

हो, नवीन नाशिकच. खूप आभार, बाळा. मेसेज करते.

इंदिरानगर_पहाटवारी:

मला यातून काही होईल असं वाटत नाही, हे स्पष्ट सांगतो. नगरसेवक निधी आला की पेव्हर ब्लॉक, स्वागत कमान, ग्रीन जिम. चांगले पेव्हर ब्लॉक काढून नवे बसवलेले पाहिलेत. ग्रीन जिमच्या यंत्रांचं बेअरिंग गेलं की ते भंगार तिथेच. ज्यावर नावाची पाटी लावता येते तेच काम होतं. रखवालदाराच्या पगारावर कुणाची पाटी लागत नाही. स्मार्ट रोड बघा, अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका, जेमतेम 1.1 किलोमीटर, त्याला किती काळ लागला आणि किती वर्षं दुकानदार धूळ खात बसले ते सगळ्यांना ठाऊक आहे.

कायदा_आणि_वॉर्ड:

@इंदिरानगर_पहाटवारी, तुमचा राग समजतो. पण एक दार उघडं आहे ते वापरलं जात नाही, म्हणून लिहितो.

74 वी घटनादुरुस्ती झाली आणि तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. आपल्याकडे सहा विभाग: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 29-अ मध्ये प्रभाग समितीचं काम लिहिलं आहे. पाणी, गटार, सफाई यांच्या तक्रारी लवकर सोडवणं, अंदाजपत्रकात तरतूद असेल तर 5 लाखांपर्यंतच्या बांधकामाच्या कामांना मान्यता देणं, आणि आपल्या हद्दीतला प्रस्तावित खर्च वार्षिक अंदाजपत्रकात घालण्यासाठी तो आयुक्तांकडे पाठवणं. यातलं तिसरं काम पुन्हा वाचा. अंदाजपत्रक वरून खाली येण्याआधी खालून वर जायची वाट कायद्यातच आहे. समाजकल्याणाचं काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधीही समितीवर घेता येतात.

शिवाय 2009 च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची तरतूद आली, मतदारांची स्वतःची सभा, गावात ग्रामसभा असते तशी. ती तुमच्या भागात भरलेली तुम्ही पाहिली आहे का, हे नगरसेवकांना लेखी विचारा. रॅम्प, पंखे, रखवालदार, संध्याकाळची ओपीडी, या धाग्यात आलेल्या मागण्या बहुतेक 5 लाखांच्या आतल्या किंवा पदांच्या आहेत. यासाठी तीन हजार कोटींशी भांडायची गरज नाही. विभागीय कार्यालयात पुढची प्रभाग समिती कधी आहे ते विचारा आणि विषय पत्रिकेवर घ्यायला लावा.

इंदिरानगर_पहाटवारी:

हे 5 लाखांचं मला माहीत नव्हतं. आमच्या जॉगिंग ट्रॅकच्या दिव्यांचा विषय यात बसेल का? पहाटे पाचला अंधारात बायका चालतात.

कायदा_आणि_वॉर्ड:

बसायला हरकत नाही. विद्युत विभागाकडे दिव्यांच्या देखभालीचं शीर्ष आधीच असतं. किती खांब, त्यांचे नंबर आणि बंद कधीपासून, हे लिहून द्या. खांबावर नंबर रंगवलेला असतो.

गोदातीर:

सगळ्यांचे आभार. मी अर्जाचा मसुदा केलाय. आपल्या भागाप्रमाणे बदलून घ्या.

"प्रति, विभागीय अधिकारी तथा सचिव, प्रभाग समिती, (विभागाचं नाव). विषय: सन 2026-27 च्या अंदाजपत्रकात स्थानिक सेवेच्या देखभालीसाठी तरतूद करणे व सदर विषय प्रभाग समितीच्या पुढील सभेच्या पत्रिकेवर घेणे. आम्ही खाली सही करणारे रहिवासी (सेवेचं नाव व ठिकाण) नियमित वापरतो. सध्याची अडचण: (दोन वाक्यांत). आमची मागणी: (एकच). कृपया कळवावे: 1) या सेवेचे लेखाशीर्ष कोणते, 2) चालू वर्षाची मूळ तरतूद व सुधारित अंदाज किती, 3) प्रत्यक्ष खर्च किती, 4) शिल्लक दायित्व किती, 5) सेवा अनुदानावर असल्यास अनुदानाची मुदत केव्हापर्यंत."

एका अर्जात एकच मागणी ठेवा. पाच मागण्या लिहिल्या की तो कागद पाच खात्यांकडे फिरतो. प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना प्रत द्या, आपण मत दिलं त्यालाच असं करू नका. उत्तर आलं नाही तर हेच पाच प्रश्न माहितीच्या अधिकारात टाका. 10 रुपयांचं शुल्क, 30 दिवसांची मुदत.

आतापर्यंत ठरलेलं: अभ्यासिकेचा रखवालदार आणि बागेचा रॅम्प हे दोन वेगळे अर्ज नवीन नाशिकला, मी आणि भरतीची_तयारी मिळून देतोय. ओपीडीचा सातपूरकर. ट्रॅकचे दिवे इंदिरानगर_पहाटवारी. औषधांच्या पुरवठ्याचा अर्ज आरोग्यसेविकेच्या नावाने नको, नोकरीवर बोट यायला नको. तो रहिवाशांनी द्यायचा. पंचवटीतून कुणी तयार आहे का?

तपोवनाजवळ:

मी आहे. मलनिस्सारण केंद्राच्या चालू खर्चाचा अर्ज मी देतो. सोबत आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या सह्या घेतो, रविवारी सकाळी भजनाला सगळे जमतात.

मेनरोडवाला:

नाशिक पूर्वसाठी घरपट्टीच्या थकबाकीचे आकडे मी मागतो. पाच प्रश्नांतला दुसरा आणि तिसरा बदलून मागणी आणि वसुली असं करतो. चालेल ना?

गोदातीर:

चालेल. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का दोन्ही आहेत ना ते खिडकीवरच बघून घ्या, आणि पोचेचा फोटो इथे टाका.